जबडा दुखतोय, आलेख म्हणतो उजवा स्नायू जास्त काम करतो, आणि आता दाढा घासायच्या म्हणे. घासू द्याव्यात का?

रातकिडा | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

गेले पाचेक महिने उजव्या कानाच्या पुढे दुखतंय. सकाळी उठलं की दोन्ही कानशिलं आखडलेली, जणू रात्रभर कोणी पगडी घट्ट बांधून ठेवली होती. जांभई दिली की उजवीकडे ‘कट्’ असा आवाज येतो, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाईल इतका. आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. कान स्वच्छ. मग दातांच्या. एक्स-रे काढला, दाढा ठणठणीत.

तिसऱ्या ठिकाणी मात्र थाटच निराळा. गालांवर आणि कानशिलांवर चकत्या चिकटवल्या, तारा जोडल्या, समोरच्या पडद्यावर नागमोडी रेघा नाचायला लागल्या. दात आवळा म्हणाले, आवळले. सोडा म्हणाले, सोडले. मग निकाल: उजवा स्नायू डाव्यापेक्षा बराच जास्त काम करतोय, याचा अर्थ दात नीट जुळत नाहीत. उपाय म्हणजे काही दाढांचे उंचवटे घासून ‘बाइट’ सारखी करायची, सात-आठ बैठका लागतील. रंगीत आलेख हातात दिला. खरं सांगतो, आलेख पाहून मी निम्मा पटलोच होतो.

विचार करायला वेळ मागून घेतलाय. तर प्रश्न असा: हा आलेख नेमकं काय सांगतो? आणि दाढा घासू द्याव्यात का?

मधलीसुट्टी | सोमवार, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवते. माझा जबडा शाळेपासून वाजतो. दुखत मात्र कधीच नाही. हा आजार आहे की नुसताच नाद?

दाढवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

पेशाने दंतवैद्य, आणि गेली काही वर्षं बहुतेक जबडादुखीचेच रुग्ण पाहतो. रातकिडा, तुम्हाला न तपासता निदान करणार नाही. पण एक गोष्ट न तपासताही सांगतो: घासलेली दाढ परत उगवत नाही. तेव्हा घाई अजिबात नको.

आता एक करा. दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकापुढे, तिथे जो छोटा मऊ उंचवटा असतो ना, त्याच्या बोटभर पुढे ठेवा. हळूहळू आ करा. आधी बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरल्यासारखं वाटेल. साधारण दोन बोटं तोंड उघडलं की तोच गोळा पुढे सरकतो आणि बोट खड्ड्यात जातं. तो गोळा म्हणजे खालच्या जबड्याचं टोक. हा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग ड्रॉवरसारखा सरकतो. शिवाय दोन्ही बाजूंचे सांधे एकाच हाडाला जोडलेले, त्यामुळे एकाला सुट्टी देऊन दुसऱ्याला कामाला लावता येत नाही.

हाडाच्या त्या टोकात आणि कवटीच्या खोबणीत एक लहानशी चकती असते. ती टोकाबरोबर पुढेमागे जायला हवी. काहींची चकती जराशी पुढे घसरलेली असते. तोंड उघडताना टोक तिच्या मागच्या कडेवरून उडी मारून तिच्यावर चढतं. तुमचा ‘कट्’ तो हाच. मधलीसुट्टी, न दुखणारा, न अडकणारा आवाज हा नादच समजा. ज्यांना काहीही त्रास नाही अशा लोकांचे एमआरआय काढले तरी सुमारे एक तृतीयांश जणांची चकती जागेवर नसते. त्यांच्यावर उपचार कशाचा करायचा?

रातकिडा, आता तुम्हाला एकच प्रश्न. हे वाचताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेत का?

रातकिडा | मंगळवार, सकाळी ९:०३

लागलेत! पण लागलेलेच असायला हवेत ना? तोंड मिटलं म्हणजे दात मिटले.

दाढवाला | मंगळवार, दुपारी १:३०

इथेच सगळी मेख आहे. ओठ मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली, आणि दातांत दोन ते चार मिलिमीटर फट. ही जबड्याची विश्रांती. दात दाताला लागतात ते चावताना आणि गिळताना, तेही क्षणभर. दिवसभराचे ते सगळे क्षण एकत्र केले तर वीसेक मिनिटं भरतात असं जुन्या मोजमापांत दिसलंय. तुम्ही पडद्यापुढे आठ तास दात टेकवून बसत असाल तर हिशोब तुम्हीच करा. जोर लावून आवळायलाही नको, नुसते टेकवून ठेवले तरी स्नायू कामावर राहतो. हातात रिकामी बादली धरून दिवसभर उभं राहून बघा. वजन काही नाही, पण संध्याकाळी खांदा बोलतो.

आपल्याकडे दातओठ खाणारा माणूस रागावलेला समजतात. माझ्याकडे येणारे बहुतेक जण रागावलेले नसतात, एकाग्र असतात. सुईत दोरा ओवताना, गाडी वळवताना, हिशोब जुळत नसताना.

तारयंत्र | मंगळवार, रात्री ८:१०

त्या आलेखाबद्दल मी बोलतो. वैद्य नाही, पण शरीरातले विद्युत संकेत मोजणारी यंत्रं बनवण्यात आयुष्य गेलंय.

स्नायू आकसला की त्याच्या तंतूंत सूक्ष्म विद्युतदाब उमटतो. कातडीवरून तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. गालावर चिकटवलेली चकती अर्धा सेंटिमीटर सरकली, आकडा बदलला. गालावर चरबी जास्त, आकडा कमी. दाढी असली, घाम आला, डोकं वळवलं, शेजारच्या चेहऱ्याच्या स्नायूने लुडबूड केली, सगळ्याचा परिणाम. आणि मुख्य मुद्दा: निरोगी माणसाचेही दोन गाल सारखे नसतात. तुमचे दोन्ही हात सारखं लिहितात का? मग उजवा मॅसेटर, म्हणजे गालातला चावण्याचा स्नायू, डाव्याहून जास्त, यावरून दात चुकीचे जुळतात हा निष्कर्ष यंत्राच्या तोंडी घातलेला आहे. यंत्र तसं काही म्हणत नाही.

आता आणखी गंमत. दुखतंय म्हणजे स्नायू जास्त आकसत असणार, हेही आपण गृहीत धरतो. वेदनेमुळे आकडी, आकडीमुळे वेदना, असं चक्र १९४०च्या दशकापासून सांगितलं जात होतं. १९९१ मध्ये लुंड आणि सहकाऱ्यांनी उलटी मांडणी केली: दुखणारा स्नायू जोर लावायच्या वेळी कमी काम करतो आणि त्याच्या उलट दिशेने ओढणारा स्नायू जास्त, म्हणजे हालचाल लहान आणि सावकाश होते. शरीर लंगडतं, तसंच. पुढे ही मांडणीही जशीच्या तशी टिकली नाही, माणसागणिक फरक निघाले. पण विश्रांतीच्या वेळचा आकडा पाहून कोणाचा जबडा दुखतो आणि कोणाचा नाही हे ओळखणं काही जमलेलं नाही.

मला एक सांगा, मोजताना पडदा नेमका कुठे होता? समोर की बाजूला?

रातकिडा | मंगळवार, रात्री ९:२२

उजवीकडे. मी मान वळवून रेघा बघत होतो. अरे देवा.

पानगळ | मंगळवार, रात्री ११:०५

इथे सहसा लिहीत नाही, पण धागा पाहून राहवेना. मी घासून घेतल्या होत्या. ठिकाणाचं नाव घेणार नाही. पहिल्या बैठकीनंतर आठवडाभर हलकं वाटलं. मग डावीकडची एक दाढ ‘आधी’ लागायला लागली. ती घासली. मग पुढचे दात. मग पुन्हा उजवी बाजू. एका टेबलाचे चारही पाय एकेक करून कापत गेल्यासारखं. वर्षभराने माझी अवस्था अशी की तोंड मिटलं की दात कुठे टेकवायचे तेच कळेना. रात्रंदिवस जीभ दाढा चाचपत असायची. आधी फक्त दुखत होतं; आता माझं तोंडच मला परकं झालं होतं.

त्यातून बाहेर काढलं ते एका बाईंनी. त्यांनी दातांकडे बघणंच थांबवलं आणि मला आधी झोपेबद्दल विचारलं. बाकी कधीतरी लिहीन.

दाढवाला | बुधवार, सकाळी ६:५०

पानगळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. असे रुग्ण दिसतात, आणि दुर्दैवाने आणखी घासून देणारेही त्यांना भेटतात.

दातांवर खापर फोडायची सवय जुनी आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टन नावाच्या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने अकरा रुग्णांवरून मांडलं की दाढा गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो, म्हणून कान दुखतो, कानात आवाज येतो. त्याची शरीररचनेची फोड पुढे चुकीची ठरली, पण दात वर-खाली केले की सांधा बरा होतो ही कल्पना व्यवसायात मुरली ती मुरलीच. कान का दुखतो याला दातांची गरजही नाही. चावण्याचे स्नायू आणि कानापुढचा भाग एकाच ट्रायजेमिनल (चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या) नसेच्या फांद्यांवर आहेत, आणि मेंदूला पत्ता वाचताना घोळ होतो. मॅसेटरमधली गाठ दाबली की कळ दाढेत उठते. निरोगी दाढा अशाच उपटल्या जातात.

तिरकस | बुधवार, सकाळी १०:३५

हे सगळं ठीक. पण माझी रात्रीची पट्टी, स्प्लिंट हो, तीन वर्षं वापरतोय आणि सकाळी डोकं हलकं असतं. उगाच सगळ्याच उपचारांना झोडपू नका. ‘दात दूर ठेवा’ एवढंच ऐकायला कोण डॉक्टरकडे जाईल?

दाढवाला | बुधवार, दुपारी २:१०

पट्टी काढा असं कोणी म्हटलेलं नाही. पूर्ण दातांवर बसणारी, कडक, घरी काढता-घालता येणारी पट्टी दातांची झीज नक्की थांबवते. काहींना बरंही वाटतं. स्नायूंवरचा परिणाम मात्र मोजला तर मजेशीर आहे: पहिले काही दिवस, फार तर आठवडे रात्रीची हालचाल कमी होते, मग स्नायू नव्या पाहुण्याला सरावतो आणि गाडी पूर्वपदावर येते.

२०२३च्या शेवटी ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जुनाट जबडादुखीसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. तीन महिन्यांहून जास्त दुखणाऱ्यांसाठी. त्यात ठाम शिफारस कशाची, तर विचार-वर्तन उपचार, देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम आणि स्नायू ताणणं, हाताने केलेलं स्नायूंचं काम, आणि रुग्णाला नीट समजावून धीर देणं. काढता येणाऱ्या पट्ट्या, बोटॉक्स (स्नायू ढिला करणारं इंजेक्शन), सुईने सांधा धुणं यांच्याबद्दल ‘शक्यतो नको’ असा सौम्य नकार. आणि ठाम नकार कायमच्या पट्ट्या, चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, आणि नेहमीच्या वेदनाशामकांना अफूवर्गीय औषधांची जोड देणं यांना. तुमची पट्टी ‘शक्यतो नको’त मोडते, आणि तुम्हाला ती लागू पडली. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. फक्त पुढच्या चार दातांवरच बसणारी लहान पट्टी असेल तर मात्र नियमित दाखवत राहा; दाढा मोकळ्या राहिल्या की काळाने दातांचं जुळणं बदलू शकतं.

तिरकस | बुधवार, दुपारी २:४०

पूर्ण दातांवरची आहे. बरं. माघार नाही, पण तह.

मधलीसुट्टी | बुधवार, सायंकाळी ६:१५

झोपेत दात खाणं वेगळं ना पण? आमच्या लहानपणी त्याला जंत कारण असायचे.

दाढवाला | बुधवार, रात्री ९:४५

जंतांना सोडा. झोप उथळ असताना मेंदू मधूनच काही सेकंद जागा झाल्यासारखा होतो, नाडी वाढते, आणि जबड्याचे स्नायू लयीत आकसतात. अशी लयबद्ध हालचाल दात न खाणाऱ्या सुमारे साठ टक्के लोकांतही सापडते, फक्त कमी वेळा आणि कमी जोराची. म्हणून २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं की निरोगी माणसात याला आजार न म्हणता स्नायूंचं एक वर्तन म्हणावं. कधी ते धोक्याचं, कधी निरुपद्रवी. रात्री जोरात दात खाणाऱ्या कितीतरी जणांना सकाळी काहीच दुखत नाही. दारू, सिगारेट, कॉफी, नैराश्यावरच्या काही गोळ्या याने वाढू शकतं. घोरणं आणि दिवसा पेंगणं सोबत असेल तर आधी झोप तपासा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सांधेजोड | गुरुवार, सकाळी ७:४०

फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायामाबद्दल कोणी लिहीलसं वाटलं होतं.

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे, ‘न’ म्हणताना टेकतं तिथे ठेवा. ते न सोडता तोंड उघडा. जीभ टाळूला असेपर्यंत जबडा पुढे सरकू शकत नाही, फक्त फिरतो, आणि ‘कट्’ होण्याआधीच थांबतो. सहा वेळा, दिवसातून सहादा. आरशासमोर, म्हणजे हनुवटी एका बाजूला पळतेय का दिसेल. त्याआधी गालाला दहा मिनिटं ओलसर शेक. जांभई आली की मूठ हनुवटीखाली. आणि दुखतंय म्हणून दोन-तीन आठवडे मऊ खा, पण महिनोन्महिने नको. कामाविना स्नायूही कुजकट होतो.

तोंड किती उघडतं ते मोजायला स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून पुढच्या दातांत जातात का बघा. साधारण चाळीस ते पन्नास मिलिमीटर हे बहुतेकांचं माप.

अर्धीखिडकी | गुरुवार, सकाळी ११:२०

माझी दीडच बोटं जायची! आधी वाजायचा, मग एका सकाळी आवाज गेला म्हणून खूश झाले, आणि नाश्त्याला तोंडच उघडेना.

सांधेजोड | गुरुवार, दुपारी १२:०५

नेमकं. चकती पुढे अडकली आणि टोकाला तिच्यावर चढताच येईना, म्हणून आवाजही नाही आणि वाटही नाही. दातखीळ म्हणतात तसं वाटतं, पण धनुर्वाताशी संबंध नाही. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत व्यायामाने उघडतं. चकती जागेवर येत नाही, तिच्या मागचा मऊ भाग ताणून आणि घट्ट होऊन चकतीचं काम करायला लागतो.

अर्धीखिडकी | गुरुवार, दुपारी १२:३०

माझं तसंच झालं, सात महिने लागले. मध्ये दोन सुया घालून सांधा धुतला, त्याने की काळाने, कोण जाणे.

उंबरठा | गुरुवार, रात्री १०:१०

विषय निघालाय तर विचारते. आईला बहात्तर पूर्ण. दोन आठवड्यांपासून चावताना जबडा भरून येतो, थांबलं की बरं वाटतं, परत चावलं की परत. कानशील दुखतं, केस विंचरताना डोकं हुळहुळतं. हेच व्यायाम चालतील का?

दाढवाला | गुरुवार, रात्री १०:१८

उंबरठा, व्यायाम नको. आत्ता फोन बंद करा आणि आईंना रुग्णालयात घेऊन जा, सकाळची वाट पाहू नका. पन्नाशीनंतर चावताना भरून येणारा जबडा, नवी डोकेदुखी आणि हुळहुळणारी कवटी म्हणजे कानशिलातल्या धमनीचा दाह असू शकतो. स्नायूला रक्त पुरत नाही म्हणून दुखतं, आणि तोच दाह डोळ्याच्या रक्तपुरवठ्यावर आला तर नजर अचानक जाते, परत येत नाही. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतील, आणि संशय पक्का वाटला तर तपासणी पुरी व्हायच्या आतच स्टेरॉइड सुरू करतात. नजर अंधुक झाली का, एकाचे दोन दिसतात का, हे विचारा.

तारयंत्र | शुक्रवार, सकाळी ८:००

उंबरठा, काही कळलं तर लिहा.

उंबरठा | रविवार, दुपारी ४:३०

ईएसआर शंभरच्या वर आला. त्याच रात्री औषध सुरू केलं. धमनीचा तुकडा तपासायला दिलाय. नजर शाबूत आहे. दुसऱ्या दिवशी आई न थांबता जेवली. मला अजून नीट लिहिता येत नाहीये.

पानगळ | रविवार, दुपारी ४:४१

🙏

मधलीसुट्टी | रविवार, रात्री ८:२०

(जरा वेळ जाऊ दिला.) बोटॉक्सबद्दल कोणीच सविस्तर बोललं नाही. माझी मैत्रीण घेते, म्हणते गालही बारीक होतो.

दाढवाला | रविवार, रात्री ९:३०

गाल बारीक होतो कारण स्नायू वाळतो. परिणाम तीन-चार महिने, मग पुन्हा. दुखण्यावरचे पुरावे संमिश्र. प्राण्यांत वारंवार टोचल्यावर जबड्याच्या टोकाचं हाड विरळ झालेलं स्पष्ट दिसतं; हाडाला ओढ लागते म्हणून ते घट्ट राहतं. पहिला उपाय म्हणून मी देत नाही.

या क्षेत्राला उत्साह महागात पडलेला आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिथे टेफ्लॉनचा थर असलेले तुकडे बसवत. ते झिजले, त्यांच्या कणांभोवती शरीर पेटून उठलं आणि आजूबाजूचं हाड खाल्लं गेलं. १९९०-९१च्या सुमारास ते बाजारातून काढले, तोवर हजारो लोकांच्या सांध्यांत ते बसले होते. मूळ तक्रार काय, तर बऱ्याच जणांची तुमच्या-आमच्यासारखीच: वाजतं आणि दुखतं.

रातकिडा | सहा आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ११:१०

धागा वर काढतोय.

दाढा घासल्या नाहीत. फोनवर दिवसातून वीस वेळा टिंग वाजेल असं लावलं आणि वाजलं की त्या क्षणी दात कुठे आहेत ते कागदावर लिहायचं. पहिल्या दिवशी वीसपैकी पंधरा वेळा लागलेले. बायको म्हणाली, आरतीची घंटा बरी. दुसऱ्या आठवड्यात कळलं की सगळ्यात वाईट वेळ कामाची नाहीच, फोनवर दुसऱ्याचं ऐकून घेण्याची आहे. काल वीसपैकी चार. कानशिलं आता आठवड्यातून एखाद्या सकाळीच आखडतात.

आणि तारयंत्र, तुमच्यासाठी: आलेखाचे पैसे दिलेच होते म्हणून पुन्हा मोजून मागितलं. पडदा समोर घ्यायला लावला, डोळे मिटले. या खेपेला डावा स्नायू जास्त.

तारयंत्र | शनिवार, रात्री ११:१६

🙂 मग आता डावीकडच्या दाढा घासायच्या म्हणाले का?

रातकिडा | शनिवार, रात्री ११:१९

म्हणाले, थोडं सगळीकडूनच घासू. उठून आलो. ‘कट्’ मात्र आहे तसाच आहे.

दाढवाला | शनिवार, रात्री ११:३१

तो असू दे. तोंड किती उघडतंय?

रातकिडा | शनिवार, रात्री ११:३३

तीन बोटं. उभी.